देवाला सांगितलेली बातमी

मागच्या महिन्यात जयाबाईने निपाणी स्टँडवर बेळगावला निघालेली बस थांबवून धरली. गाडी गच्च भरलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि ही सदुसष्ट वर्षांची बाई दारात एक पाय ठेवून कंडक्टरला मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगतेय, "भाळ उपकार आत्री," म्हणजे फार उपकार झाले. कारण काय, तर आदल्या आठवड्यात सीटवर विसरलेली तिची छत्री त्याने जपून ठेवून परत केली होती. त्या बिचाऱ्याला ते आठवतही नव्हतं. त्याला वाटलं, बाई तक्रार करायला आलीय. मी तिच्या मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होते आणि गाडीतले लोक मलाच जाब विचारल्यासारखे बघत होते. मला लाज वाटली, हे कबूल करते.

आता हे रोजचंच झालंय. दूध घालणारा, गॅसची टाकी आणणारा, दवाखान्यात नंबराची चिठ्ठी देणारी मुलगी, जो कोणी तिच्यासाठी काही करेल त्याला ती गाठते आणि तोंडावर सांगते, अमक्या दिवशी तू अमकं केलंस, मला बरं वाटलं. लोक आधी बिचकतात. ही आता काय मागणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. ती काही मागत नाही, आपल्या वाटेने निघून जाते.

पूर्वी जयाबाई अशी नव्हती. म्हणजे आभार मानायची, भरपूर मानायची, पण फक्त देवाचे. माणसं त्यात कुठे नसायची. गेल्या वर्षी कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये जे घडलं, त्यातून हे सगळं सुरू झालं. ते घडलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, म्हणून सांगण्याचा हक्क मला आहे असं मी समजते.

जयाचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा पुण्याला. तिचं आयुष्य निपाणीच्या बिडी कारखान्यात गेलं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंड अखंड चालू. बिड्या वळणाऱ्या बायकांची बोटं आणि तोंड एकाच वेळी चालतं हे खरं, पण जयाचं तोंड बोटांच्याही पुढे असायचं. कारखाना सुटला, तोंड राहिलं. मी मराठी शाळेत तीस वर्षं पोरांना गप्प बसवलं, जयाला गप्प बसवणं मला एकदाही जमलं नाही. तिच्या मनात वाईट नसतं. पोटात आलं की ते ओठावर आलंच पाहिजे, एवढंच.

आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. लहान मंडळी, साठेक घरं. दरवर्षी कापणीच्या सणाला उपासना संपता संपता साक्षी होतात. देवाने आपलं काय भलं केलं, ते उभं राहून सांगायचं. जयाची साक्ष तीस वर्षं ठरलेली. आपण काविळीने दोन महिने अंथरुणावर होतो, हजेरी पडत नव्हती, कारखान्यातून नाव कमी होऊन बिडी कार्ड, म्हणजे कामगार असल्याचं ओळखपत्र, जाणार होतं, पण देवाने कार्ड राखलं. ही साक्ष पोरांनाही पाठ झालेली. ती उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरं तिच्याबरोबर ओठ हलवायची.

जयाच्या भिंतीला भिंत लागून अक्काताई राहते. दोघी एकाच कारखान्यात, एकाच रांगेत बसून वळायच्या. अक्काताई बोलते कमी, आणि बोलते ते तिखट. तिची सून रचना लग्न होऊन या घरात आली त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत तिच्या कानावर सासूचा एखादा बरा शब्द पडल्याचं मी तरी ऐकलं नाही. भाजी चांगली झाली तर अक्काताई गप्प जेवायची, त्या गप्प जेवण्यालाच शाबासकी समजायचं. रचना एका खासगी दवाखान्यात नर्स. नवरा स्वरूप ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलगी ऋतिका पहिलीत.

तर या रचनाने जर्मनीला नर्स म्हणून जायचं मनात घेतलं. स्वरूपचा होकार होता. सासूला सांगायची मात्र तिची छाती होईना. आधी परीक्षा पास होऊ दे, मग बघू, असं तिने ठरवलं. शनिवारी जादा ड्युटी आहे असं घरात सांगायची आणि बेळगावला जर्मन भाषेच्या क्लासला जायची. पुस्तकं ठेवायची कुठे? जयाच्या पिठाच्या डब्यामागे. संध्याकाळी आमटीची वाटी घेऊन जयाकडे जायची आणि तासभर तिथे बसून दबक्या आवाजात वाचायची. जया समोर पुस्तक धरायची. नंतर मला म्हणाली, "बाई, मला त्यातलं काय कळतंय? खरं ती आडखळली की कळायचं. मग म्हणायचो, परत म्हण." मराठी, कन्नड, हिंदी येणाऱ्या त्या मुलीकडून चौथी भाषा अशी एका बिडी वळणाऱ्या बाईने घोकून घेतली.

दीड वर्ष जयाने हे पोटात ठेवलं. मला, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, एक अक्षर बोलली नाही. हे मला कळलं तेव्हा आधी राग आला, मग नवल वाटलं.

परीक्षेचा निकाल गुरुवारी लागला. रचना पास झाली. पाठोपाठ तिकडच्या इस्पितळाचं पत्रही आलं. येणारा सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत त्यावर सही करून पाठवायचं होतं. रचनाने ठरवलं की रविवारी स्वरूप घरी असेल, देवळातून आल्यावर जेवणं झाली की दोघांनी मिळून सांगायचं. ऋतिकाला दोन वर्षं अक्काताईनेच बघायचं होतं. तिने नाही म्हटलं तर जाणं नव्हतंच. जयाला फक्त आणखी तीन दिवस कळ काढायची होती.

रविवारी वेदीपुढे ऊस उभे केले होते, भुईमुगाचे वेल, सोयाबीनच्या पेंढ्या, लाल भोपळे. साक्षी सुरू झाल्या. जया उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता कार्ड येणार. मागची पोरं ओठ तयार ठेवून बसली. पण तिने डोळे मिटले, हात वर केले आणि प्रार्थनाच सुरू केली.

"बापा, तुझा उपकार मी कसा फेडू? आमच्या रचनाला तू जर्मनीची नोकरी दिलीस. दीड वर्स लेकरानं घरात चोरून अभ्यास केला, तू तिला पास केलंस."

गालांवरून पाणी वाहत होतं. मंडळीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग माझं लक्ष अक्काताईकडे गेलं. देवाला वाहायला आणलेला भोपळा ती मांडीवर घेऊन बसली होती. तो तिने बाकावर ठेवला, पदर सावरला आणि आशीर्वाद व्हायच्या आधीच बाहेर निघून गेली. रचना जागच्या जागी पांढरीफटक पडून बसली होती.

उपासना सुटल्यावर मी जयाला दारातच धरलं. "अगं, काय केलंस हे?"

"काय केलं? देवाला सांगितलं मी, बाई. मानसांस्नी कुटं सांगितलं?"

ती नाटक करत नव्हती, तिला खरोखरच तसं वाटत होतं. आणि ही खोड एकट्या जयाची आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या घरातलं चारचौघांत बोललं तर ती चहाडी होते, आणि तेच डोळे मिटून बोललं की ती प्रार्थना होते, असा आमच्यात एक सोयीचा समज आहे. अमक्याच्या पोराची दारू सोडव, तमकीच्या सुनेला सुबुद्धी दे. देवाला ते आधीच ठाऊक असतं. नव्याने कळतं ते शेजारच्या बाकाला.

अक्काताईने घरी गेल्यावर आरडाओरडा केला नाही. तिने स्वरूपला एवढंच सांगितलं, "सगळ्या देवळाला ठावं झालं तवा मला कळलं. माझ्याच घरात दीड वर्स. जाऊ दे तिला कुटं जायचं तिकडं. पोरगी मी संभाळणार न्हाय." सोमवारी स्वरूपला ट्रकवर जावं लागलं. सासू सुनेशी बोलेना, टोमणेसुद्धा मारेना. रचना म्हणाली, टोमणे बरे होते.

त्याच संध्याकाळी रचना जयाच्या दारात उभी राहिली. पुस्तकं मागून घेतली. म्हणाली, "मावशी, तुमच्यावर राग न्हाय माझा. तुम्हीच शिकिवलं मला. खरं हितनं पुढं तुम्हाला काय सांगायचं म्हटलं तर मला भ्या वाटणार." पुस्तकं छातीशी धरून गेली. जया दोन दिवस धड जेवली नाही.

इथवर माझी जयाला सहानुभूती होती. पण गुरुवारी बायकांच्या प्रार्थनासभेत तिने पुन्हा तेच केलं. उभी राहिली आणि म्हणाली, "बापा, अक्काताईचं मन दगडासारखं झालंय, तू त्याला पाझर फोड." अर्ध्या तासात ते अक्काताईच्या घरी पोचलं. पोचणारच. त्या सभेत अक्काताईची नणंद बसली होती.

मी तिला माझ्या घरी आणलं, दार लावलं आणि शाळेत ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात बोलले. "जया, तू देवाला मध्ये घालून माणसांना दगड मारतेस. पाळकसाहेब कितीदा सांगतात, तोंडातून असं निघावं की ऐकणाऱ्याला आधार वाटेल. तुझ्या बोलण्याने आज कोणाला आधार वाटला, मला नाव सांग."

ती बराच वेळ गप्प बसली. जया गप्प बसलीय, हे मी पहिल्यांदा पाहत होते. मग म्हणाली, "मग मी काय करू?"

"देवाशी काय बोलायचं ते घरात बोल. अक्काताईशी अक्काताईच्या घरी जाऊन बोल."

"माझ्यासंगं या," ती म्हणाली. मला जायचं नव्हतं, पण गेले.

शनिवारची संध्याकाळ होती, सही करायला दोन दिवस उरले होते. अक्काताई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. ऋतिका शेजारी खेळायला गेली होती. आम्हाला बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. आम्ही आपलंआपणच बसलो.

जयाने सुरुवात केली, "अक्काताई, देवाच्या कृपेनं..."

"देवाला मधी आणू नगंस," अक्काताई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "तीस वर्सं ऐकायला लागलोय. देवानं कार्ड राखलं, देवानं कार्ड राखलं. तुझ्या नावाच्या बिड्या वळाय देव आलता काय कारखान्यात? माझं दिसाचं हजार वळून झाल्यावर तुझ्या नावाचं मी वळायचो. दोन महिनं. तू दरसाली उभी ऱ्हातीस, आनि मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकतो."

मी सुन्न झाले. तीस वर्षं ती साक्ष मीही ऐकत होते आणि एकदाही मनात आलं नाही की देवाने कार्ड राखलं म्हणजे नेमकं कोणी काय केलं. मला वाटलं, जया आता रडेल किंवा वाद घालेल.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग हळू बोलली.

"मला म्हाईत हुतं, अक्काताई. तुझ्या उजव्या अंगठ्याला भेग पडलती. तू चिंधी गुंडाळून पानं कापायचीस. सांजच्याला माझ्याकडं पेज घेऊन यायचीस, तवा त्या चिंधीला रगात असायचं. मी बघत हुतो. आपल्या मानसाचं आभार काय मानायचं, त्येनं परकं केल्यासारखं हुतंय, असं वाटायचं. म्हणून देवाला सांगत बसलो. ते चुकलं. तू माझं घर राखलंस. हे तुला सांगायला मला तीस वर्सं लागली."

अक्काताईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आनि परवाच्या रव्वारचं," जया पुढे म्हणाली, "ती बातमी तुझ्या घरची हुती. तुझ्या सुनंनं तुला सांगायची, तू तिच्या त्वांडात साखर घालायची. मी ती मधल्यामधी उचलली. मला माफ कर."

अक्काताईने सूप जरा बाजूला सरकवलं आणि तांब्या आमच्याकडे ढकलला. आम्ही पाणी प्यालो. थोड्या वेळाने तिने विचारलं, आवाज आता निराळा होता, "मला एक सांग. दीड वर्स तिनं माझ्यापासनं का लपिवलं? तुला सांगितलं आनि मला न्हाय. मी काय तिच्या वाईटावर हाय?"

जयाला उत्तर ठाऊक होतं. दीड वर्षं रोज संध्याकाळी रचनाने तिला काय काय सांगितलं असेल, याचा मला अंदाज होता. जयाचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, झालं, आता सगळं बाहेर येणार.

"ते तिलाच इचार," जया म्हणाली आणि तोंड मिटलं.

तेवढ्यात रचनाच आली. ड्युटीवरून थेट, खांद्याला बॅग, चेहरा थकलेला. आम्हा तिघींना एकत्र बघून ती उंबऱ्यातच थबकली. अक्काताईने तोच प्रश्न तिला विचारला. सहा दिवसांत सासू तिच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

रचनाने आधी जयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सरळ सासूकडे बघून म्हणाली, "भ्यालो, आत्या. नापास झालो असतो तर तुम्ही जलमभर बोलून दाखिवलं असतं. आनि पास झालो तरी तुम्ही बरं म्हणणार का न्हाय, ते मला ठावं नव्हतं."

मला वाटलं आता जुनी अक्काताई परत येणार. ती आली नाही. तिने जयाकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघत बोलायला लागली.

"कोरोनात मी सतरा दिस दवाखान्यात हुतो."

"व्हय," रचना म्हणाली.

"माझ्या वार्डात ड्युटी तू मागून घेतलतीस. घरला आलो आनि देवळात साक्ष दिली मी. देवानं जीव दिला, डागदरनं औषद दिलं. तवा तू कुटं हुतीस?"

"तुमच्या शेजारीच बसलतो, आत्या."

"मग काय वाटलं तुला?"

रचनाने डोळे पुसले, पण हसलीही. "भूक लागलती. रातपाळी करून तसंच आलतो. कवा संपतंय, असं वाटालतं."

अक्काताई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदरातली टरफलं सगळी खाली सांडली. ती रचनापाशी गेली आणि तिच्या खांद्यावरची बॅग तिने स्वतःच्या हाताने काढून घेतली.

"मला तू जगिवलीस," ती म्हणाली. "चार वर्सामागं सांगायचं हुतं, आज सांगतो. तू जा तिकडं. पोरीचं मी बघतो."

रचना तिच्या गळ्यात पडली. अक्काताईला ते जमेना. बॅग हातात तशीच धरून ती अवघडून उभी राहिली, आणि मग दुसरा हात तिने सुनेच्या पाठीवर ठेवला. ती हळू आवाजात आणखी काहीतरी बोलायला लागली. ऐकू यावं म्हणून मी जराशी पुढे झाले.

तेवढ्यात जयाने माझं मनगट पकडलं आणि मला उठवून दाराबाहेर काढलं.

"अगं, थांब की जरा," मी म्हणाले.

"चला बाई," ती म्हणाली. "ते त्या दोघींचं हाय."

मार्चमध्ये रचना जर्मनीला गेली. ऋतिकाला शाळेत सोडायला अक्काताई जाते. त्या संध्याकाळी आम्ही बाहेर पडल्यावर सासू-सुना काय बोलल्या, ते रचनाने जाण्याआधी जयाला सांगितलं आहे, एवढं मला कळलंय. मी जयाला चार वेळा विचारलं. ती सांगत नाही.